फौजेतलं लग्न, गोव्यातलं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न माझ्याकडे वास्कोतून, डिचोलीतून, पेडण्यातून येतात. बहुतेक वेळा लग्न ठरल्यावर, नाहीतर लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात. विचारणाऱ्या घरांचे दोन प्रकार आहेत. एक, आपली गोव्याची घरं, जिथला मुलगा पठाणकोटला, विशाखापट्टणमला किंवा बोटीवर असतो. दुसरी, सातारा-कोल्हापूर-चंदगडकडून बदलीवर इथे आलेली: दाबोळीचा हंसा, वास्कोचा गोमंतक, वेरेंचा मांडवी हे नौदलाचे तळ, बांबोळीचं लष्कराचं 2 सिग्नल ट्रेनिंग सेंटर, तटरक्षक दल. दोघांच्या अडचणी वेगळ्या असल्या तरी नवरा-बायकोत जे घडतं ते पुष्कळसं सारखंच असतं. उत्तरं दोघांनी मिळून वाचावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नवरा वर्षातून नेमका किती दिवस घरी असतो?

आकडा मागितलात तर साधारण साठ दिवसांची वार्षिक रजा आणि वर थोडी किरकोळ रजा. पण या आकड्यावर संसार आखू नका. रजा हा फौजेत हक्क मानला जात नाही, कामाची गरज पडली की ती अडते किंवा मधूनच परत बोलावलं जातं.

खरा फरक पोस्टिंगने पडतो. लष्करात फील्डला (सीमाभागात) असेल तर कुटुंब सोबत नाही, पीसला (शांत ठाण्यावर) आला की क्वार्टर आणि एकत्र राहणं. नौदलात किनाऱ्यावरची पोस्टिंग असेल तर संध्याकाळी घरी, बोटीवर असेल तर बोट बंदरात असताना घरी आणि सेलिंगला गेली की आठवडेच्या आठवडे नाही. हंसावर पोस्टिंग म्हणजे रोज घरी, असं धरून चालणाऱ्या मुली नंतर रडकुंडीला येतात. मिग-29केच्या स्क्वाड्रनमधली माणसं विक्रमादित्य किंवा विक्रांत या विमानवाहू नौकांवर जातात. त्यात कोर्स आणि टीडीची (तात्पुरत्या ड्यूटीची) भर पडते. म्हणून लग्नाआधी मुलाला "कुठे आहेस?" एवढंच न विचारता "पुढची दोन वर्षं काय दिसतंय?" असं विचारा. त्याला सगळं माहीत नसेल, पण जेवढं माहीत आहे तेवढं तो सांगतो की टाळतो, हे कळेल.

चवथीला येतो म्हणाला आणि आला नाही. घरच्यांना काय सांगायचं?

रजा मिळाली नाही, एवढंच. त्याची बाजू मांडायची जबाबदारी तुमची नाही. त्याने स्वतः आईला फोन करून सांगावं. बायकोच्या तोंडून निरोप गेला की नाराजीही बायकोच्याच वाट्याला येते. माटोळी (गणपतीवरचं फळा-फुलांचं छत) बांधायला दिराला किंवा शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा, तो आला तर दोन हात जास्त मिळतील.

बोटीवर असताना बोलणं कधी होतं?

किनाऱ्याजवळ रेंज मिळाली तर, बंदराला लागली तर. एरवी नाही. डिसेंबर 2019 मध्ये नौदलाने तळांवर आणि युद्धनौकांवर स्मार्टफोन आणि फेसबुकसारख्या समाजमाध्यमांच्या वापरावर बंदी घातली. तेव्हा फोन आला नाही तर तो विसरला असं समजू नका.

बोट कधी निघाली, कुठे आहे, कधी परतणार हे स्टेटसवर टाकू नका, भिशीच्या ग्रुपवरही नाही. "मिसिंग यू, दोन महिने सेलिंग" एवढ्या ओळीतूनही माहिती जाते. हा नियम बायकांना जाचक वाटतो, मला तो योग्यच वाटतो. त्याच बोटीवर आपलाही माणूस आहे.

निघण्याआधी एक गोष्ट ठरवून ठेवा: तातडीचं काही झालं तर फोन कुणाला करायचा. युनिटचा किंवा बेसचा ड्यूटी नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावा. त्याच्या मोबाइलमध्ये असलेला नंबर तुमच्या काय कामाचा?

लग्नाची नोंदणी गोव्यात कशी करायची? रजा तर थोडी असते.

इथे बाहेरून आलेली माणसं हमखास अडकतात, आणि गोव्याची मुलंसुद्धा. देवळात किंवा हॉलमध्ये लग्न लागलं म्हणजे गोव्याच्या कायद्याने ते पूर्ण झालं असं नाही. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी दोघांनी जाऊन लग्नाचा इरादा नोंदवायचा, त्याला सगळे 'पहिली सही' म्हणतात. मध्ये हरकतीसाठी साधारण पंधरा दिवसांचा काळ जातो. मग साक्षीदार घेऊन 'दुसरी सही'. लोक धार्मिक विधीच्या तारखेवर सगळी रजा खर्च करतात आणि दुसऱ्या सहीला नवरा ट्रेनमध्ये असतो. रजेचा अर्ज करण्याआधी रजिस्ट्रार कार्यालयात घरच्या कुणाला तरी पाठवून कागद आणि तारखा विचारून घ्या, दोन्ही सह्या एकाच रजेत बसवा.

त्यानंतर फौजेतली नोंद. लष्करात 'पार्ट टू ऑर्डर' निघते, नौदलात 'जेनफॉर्म' भरतात. ती नोंद झाल्याशिवाय क्वार्टर नाही, डिपेंडंट कार्ड नाही, फौजी दवाखाना नाही. लग्न झालं आणि नोंद वर्षभर राहिली, मध्येच बायको गरोदर, अशी घरं मी पाहिली आहेत. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने हे काम करावं, म्हणून मागे लागा.

एक खास आपल्याकडची अडचण: लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. लग्नपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, दाखल्यावर तिसरं असं झालं की पुढे पेन्शनपर्यंत प्रत्येक खिडकीवर अडकायला होतं. गोव्यात नाव बदलण्याचा वेगळा कायदा आहे, नुसतं कार्डावर वेगळं नाव घालून घेऊन चालत नाही. विधीत हवं ते नाव ठेवा, कागदावर जन्मदाखल्यावरचं नाव राहू द्या. सासूबाईंना वाईट वाटेल, त्यांना मुलानेच समजावावं.

जमीन, फ्लॅट, बँक यांचं काय? तो नसताना माझी सही चालते का?

गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला समान नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामायिक धरली जाते, आणि स्थावर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गोव्याच्या रहिवाशाची गोव्याबाहेरची मालमत्ताही वारसाहक्कासाठी याच कायद्याखाली येते. म्हणजे पुण्यात फ्लॅट घेतला तरी हा विषय सुटत नाही. उलट, साताऱ्याहून बदलीवर आलेल्या जोडप्याला केवळ वास्कोत राहतात म्हणून हा कायदा लागू होत नाही.

बाईच्या दृष्टीने ही मोठी सुरक्षितता आहे आणि ती फौजी घरात फार कमी जणींना माहीत असते. पण दोन सह्यांची अट म्हणजे नवरा समुद्रात असेल तर काम थांबतं. म्हणून ठरावीक कामासाठी मुखत्यारपत्र निघण्याआधी करून ठेवा, आणि ते बायकोच्या नावे करा. भावाच्या नावे का केलं, यावरून सुरू झालेली भांडणं वर्षानुवर्षं मिटत नाहीत. मसुदा गोव्यातल्या वकिलाकडूनच करून घ्या.

क्वार्टर मिळेपर्यंत कुठे राहायचं?

यादीत नाव लावून भाड्याने. वास्कोत वरुणापुरी ही नौदलाची मोठी वसाहत, पण पोस्टिंग आली म्हणून किल्ली लगेच हातात पडत नाही. तोवर चिखली, दाबोळी, मांगोर इथे भाड्याची घरं बघतात. करारनामा आणि भाडेकरू म्हणून पोलिसांकडे नोंद करून घ्या. नवरा फील्डला गेला तर सेपरेटेड फॅमिली क्वार्टर मिळू शकते, त्याची विचारपूस बदलीचा हुकूम येताच करावी.

सासरी राहावं की क्वार्टरमध्ये?

या प्रश्नावर घरात तीन मतं असतात आणि तिन्ही खरी असतात. नवऱ्याला वाटतं, बायको गावी असली की आई-वडिलांची काळजी नको. सासूबाईंना वाटतं, मुलगा नाही तर निदान त्याचं माणूस घरात असावं. आणि तिला वाटतं, ज्याच्याशी लग्न केलं तो नाही आणि ज्यांची फारशी ओळख नाही त्यांच्यात दिवस काढायचे.

माझं मत स्पष्ट आहे. पहिली दोन वर्षं, जिथे कुटुंब नेता येतं तिथे बायकोने सोबतच राहावं. जोडपं म्हणून ओळख व्हायला तेवढा काळ लागतो आणि तो नंतर भरून निघत नाही. क्वार्टरमध्ये अजून एक गोष्ट मिळते: शेजारीण. जिचा नवराही त्याच बोटीवर आहे, तिला रात्री अकराला दार वाजवलं तर कारण सांगावं लागत नाही. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर राहणाऱ्या मुलीला ते सुख नाही, तिथे "काय गं, फोन आला का?" हे विचारणारे दहा, आणि ती रडली तर चर्चा करणारे वीस.

पण गावी राहणं हा कमीपणा नाही. सासू-सासरे थकलेले असतील, बागायत असेल, तिची शाळेतली नोकरी असेल, तर ती राहते आणि अख्खं घर चालवते. तेव्हा पगारातला घरखर्च थेट तिच्या खात्यावर यायला हवा. दर वेळी सासऱ्यांकडे हात पसरायला लावणं हा तिचा अपमान आहे, आणि हे नवऱ्याने बोलून बदलायचं असतं.

माझी नोकरी टिकेल का?

खरं सांगायचं तर बदलीची नोकरी आणि गोवा सरकारची नोकरी यांचं जमणं कठीण. राज्य सरकारी शिक्षिकेची बदली विशाखापट्टणमला होऊ शकत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत असाल तर पती-पत्नीला एकाच ठिकाणी ठेवण्याबाबतच्या सूचना आहेत, अर्ज करत राहावं लागतं. नर्सिंग, शिकवणी, हिशेबाचं काम हे बरोबर नेता येतं.

गोवा सरकारच्या नोकऱ्यांसाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागतात. बाहेर फिरणाऱ्या फौजी कुटुंबांच्या मुलांना तो मिळवताना त्रास होतो. प्रत्येक पोस्टिंगचे कागद, शाळेचे दाखले, गोव्यातल्या घराची बिलं एका फाइलीत ठेवा आणि मामलेदार कार्यालयात वेळेआधी विचारा.

नवऱ्यांना एक विनंती. तिने नोकरी सोडली तर ती "घरीच असते" असं मेसमध्ये सांगू नका. तुमच्या बदलीसाठी तिने पगार सोडला आहे.

मुलांची शाळा?

केंद्रीय विद्यालय. बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्रवेशात पहिला क्रम असतो आणि अभ्यासक्रम देशभर एकच. वास्कोत नेव्ही चिल्ड्रन स्कूलही आहे. मराठी मात्र घरातच सांभाळावी लागते. आजी-आजोबांशी रोज दहा मिनिटं मराठीत फोन, यासारखा उपाय नाही.

तो घरी आला की आमची भांडणं जास्त होतात. आमच्यातच काही बिघडलंय का?

नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी मोठ्याने बोलला जाणारा प्रश्न. निरोपाची तयारी सगळे करतात, डब्यात लाडू भरतात, वास्को स्टेशनवर सोडायला जातात. परतण्याची तयारी कुणीच करत नाही, आणि संसाराचा खरा ताण तिथेच येतो.

तो नसताना ती सिलिंडर लावायला, स्कूटरची सर्व्हिसिंग करायला, तापलेल्या पोराला रात्री दवाखान्यात न्यायला शिकली. घराला तिची घडी बसली. मग तो येतो आणि दुसऱ्या दिवशी विचारतो, "हे कपाट इकडे का हलवलं?" त्याला आपण घरमालक आहोत असं दाखवायचं नसतं, आपल्याला या घरात जागा आहे का हे तो चाचपत असतो. तिला मात्र ऐकू येतं ते तपासणीसारखं. मुलं परवानगी तिच्याकडे मागतात, बापाकडे नाही. ते त्याला लागतं. मग तो आवाज चढवतो, कारण युनिटमध्ये आवाजाने कामं होतात.

रजेकडे दोघं वेगळ्या नजरेने बघतात. त्याच्या मनात रजा म्हणजे झोप, आईच्या हातचं हुमण, जुने मित्र. तिच्या मनात रजा म्हणजे शेवटी कुणीतरी भार वाटून घेईल. आईवडिलांच्या मनात रजा म्हणजे आमचा मुलगा आला. मावशा-आत्यांच्या मनात जेवणाची आमंत्रणं. तीस दिवसांचे असे चार वाटे होतात आणि नवरा-बायकोला एकमेकांशी सलग बोलायला एक दुपार मिळत नाही.

जवळिकीचंही तसंच. इतक्या महिन्यांनी पहिल्याच रात्री सगळं पूर्वीसारखं व्हावं ही अपेक्षा दोघांनाही दडपण देते. आधी ओळख परत होऊ द्या, लाजण्यासारखं यात काही नाही.

करून बघण्यासारख्या गोष्टी सांगते. येण्याआधी फोनवरच रजा वाटून घ्या: किती दिवस गावी, किती माहेरी, किती फक्त तुमचे. पहिले दोन दिवस पाहुणे नकोत, हे त्याने आईला सांगावं. पहिला आठवडा त्याने घराचं बघावं, बदलू नये. तिने मुद्दाम काही कामं त्याच्यासाठी ठेवावीत, मुलाला शाळेत सोडणं तर नक्कीच, कारण मुलाशी नातं गाडीवर बसून होतं, समोर बसवून होत नाही. पैशांचा हिशेब तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दिवसाउजेडी. आणि तो गप्प बसला तर खोदू नका. तिकडचं सगळं सांगण्यासारखं नसतं, काही सांगायची परवानगी नसते, काही सांगायला शब्द नसतात.

गप्प बसणं लांबलं, झोप उडाली, दारू वाढली, हात उगारला गेला, तर ती थकवा म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. बांबोळीला मनोविकार संस्था आहे, फौजी दवाखान्यातही दाखवता येतं. नोकरीवर परिणाम होईल या भीतीने पुरुष जात नाहीत, बायकोने एकटीने जाऊन सल्ला घेतला तरी सुरुवात होते.

बायको वर्दीत असेल तर?

मग वरचं सगळं उलटं वाचा, आणि लोकांच्या बोलण्याची तयारी ठेवा. वैद्यकीय आणि नर्सिंग सोडून इतर शाखांत बायका 1992 पासून अधिकारी म्हणून आल्या, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी लष्करात आणि नौदलात त्यांना कायमस्वरूपी कमिशनचा रस्ता मोकळा झाला. बाळंतपणाची 180 दिवसांची रजा आहे, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये सैनिक-नाविक दर्जाच्या स्त्रियांनाही अधिकाऱ्यांसारखे मातृत्व आणि बालसंगोपन रजेचे नियम मंजूर झाले.

वेरेंच्या मांडवी तळावरून 2017 मध्ये सहा महिला अधिकारी 'तारिणी' घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि मे 2018 मध्ये परतल्या. 2024-25 मध्ये त्याच बोटीवर दोघींनी पुन्हा ती फेरी केली. आठ-आठ महिने बायको समुद्रात आणि घर पुरुषाने सांभाळायचं, हे आता कल्पनेतलं राहिलेलं नाही. दोघंही फौजेत असतील तर एकाच ठिकाणी पोस्टिंग मागता येते, दर वेळी मिळेलच असं नाही.

अग्निवीर मुलाचं स्थळ आलंय. ठरवावं का?

चार वर्षं त्याला लग्न करता येत नाही, ती भरतीची अट आहे. चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के मुलं कायम होतात, बाकीचे सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन बाहेर पडतात. त्यांना पेन्शन नाही. सेवेत असताना 48 लाखांचा विमा असतो. 2022 च्या पहिल्या भरतीची चार वर्षं 2026 अखेर आणि 2027 च्या सुरुवातीला पूर्ण होतात. मुलगा चांगला असेल तर बोलणी जरूर करा, पण तो कायम होईल असं गृहीत धरून नको. कायम न झाल्यास काय करणार, याचं उत्तर त्याच्याकडे आहे का ते बघा.

मुलीकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. चालेल का?

आपल्याकडे हा प्रश्न खरोखर येतो. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं असेल तर ती कायद्याने परदेशी नागरिक आणि फौजेतल्या माणसाला अशा लग्नासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. साखरपुड्याआधी युनिटला लेखी कळवा, लपवू नका.

काही बरंवाईट झालं तर?

हे बोलणं अशुभ मानून टाळतात. कृपा करून टाळू नका, एका दुपारी बसून उरका.

लग्नानंतर 'नेक्स्ट ऑफ किन' (सर्वांत जवळचं नातं) म्हणून बायकोचं नाव लागतं. विमा, प्रॉव्हिडंट फंड यांची नामनिर्देशनं मात्र वेगवेगळी असतात आणि लग्नाआधीची बरेचदा तशीच राहतात. कोणत्या ठिकाणी कुणाचं नाव, किती टक्के, याची यादी करा. आई-वडिलांचा वाटा ठेवायचा असेल तर नवऱ्याने तो स्वतः लिहून ठेवावा. 2024 मध्ये शहिदाचे आई-वडील आणि पत्नी यांच्या हक्कांवरून देशभर वाद झाला, त्यात दोन्ही बाजूंचं दुःख चव्हाट्यावर आलं. लिहून ठेवलेलं असेल तर सून आणि सासू एकमेकींसमोर उभ्या राहत नाहीत.

कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकार मृत्यूच्या कारणावर ठरतात. सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने साधं, सेवेमुळे ओढवलेल्या मृत्यूत शेवटच्या वेतनाच्या 60 टक्के, लढाईत किंवा तशा कारवाईत शेवटच्या वेतनाइतकं पूर्ण. म्हणून कारणाची नोंद कशी झाली हे बघणं फार महत्त्वाचं. गोव्याच्या रहिवाशाने मृत्युपत्र करताना ध्यानात ठेवावं, की मुलं किंवा आई-वडील असे वारस असतील तर त्याच्या वाट्याच्या अर्ध्याच भागाचं मृत्युपत्र करता येतं. पणजीतल्या सैनिक कल्याण खात्यात वीरपत्नींना कागदांसाठी मदत मिळते.

नवरा पैसे पाठवत नाही, किंवा मारतो. तक्रार केली तर त्याची नोकरी जाईल ना?

तुमचा आणि मुलांचा जीव आधी. कमांडिंग ऑफिसरला लेखी अर्ज करता येतो. लष्कर आणि नौदल या दोन्हींच्या कायद्यांत बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून कपात करण्याची तरतूद आहे, त्यासाठी वकीलही लागत नाही. मारहाणीला 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फौजी नवऱ्यालाही तितकाच लागू आहे. 181 (महिला हेल्पलाइन) आणि 112 (तातडीची मदत) हे नंबर पाठ असू द्या. "युनिटची बदनामी होईल" असं सांगून युनिटमधली कुणी वहिनी तुम्हाला गप्प करत असेल तर तिचं ऐकू नका.

पंधरा-सतरा वर्षांनी निवृत्त होऊन तो कायमचा घरी येणार आहे. आता तरी सोपं होईल ना?

पैशाच्या आणि औषधपाण्याच्या बाबतीत पुष्कळसं होतं. पेन्शन 'स्पर्श' या प्रणालीतून येते, 2003 मध्ये सुरू झालेल्या ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत दोघांना उपचार मिळतात. कार्डं निवृत्तीच्या कागदांबरोबरच करून घ्या.

माणूस मात्र चाळिशीच्या आतबाहेर असतो आणि सकाळी पाचला उठून त्याला जायला जागा नसते. रजेवर येणाऱ्याशी जमवून घ्यायची तुम्हाला सवय आहे, न जाणाऱ्याशी नाही. निवृत्तीच्या दोन वर्षं आधीपासून पुढच्या कामाचं बोला: पुनर्वसनाचे कोर्स सेवेत असतानाच करायचे असतात, निवृत्तीचे कागद हातात घेऊन आल्यावर नाही. गावच्या बागायतीत रमेन म्हणणाऱ्याने आधी एक अख्खा पावसाळा तिथे काढून बघावा. आणि घर आजवर जिने चालवलं तिने किल्ल्या एका दिवसात द्याव्यात अशी अपेक्षा ठेवू नये. बँकेची कामं त्याने आधी तिच्याकडून शिकून घ्यावीत, मग वाटून घ्यावीत.